वर्दीचा शीण आणि अर्धें सत्य

इंझोरीसारख्या लहान गावांतून पाहिलें म्हणजे पोलीस हा माणूस म्हणून क्वचितच नजरेस पडतो. आमच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. रामनवमीला तेथें लाखो भाविक लोटतात आणि चैत्राच्या उन्हांत त्यांच्या बंदोबस्ताला पोलीस उभे राहतात. त्यांत हल्लीं स्त्रियाहि असतात. कारण महाराष्ट्राच्या पोलीस भरतींत तीस टक्के जागा त्यांच्यासाठीं राखून ठेवलेल्या आहेत. यात्रेकरू दर्शन घेऊन सायंकाळीं घरीं परततो. बंदोबस्ताचा माणूस सकाळीं जेथें होता तेथेंच असतो. तो केव्हां जेवला, तिच्या तान्ह्या मुलाला कोणीं सांभाळलें, हा प्रश्न आपणां सुशिक्षितांच्या मनांत सहसा उद्भवत नाहीं.

जें डोळ्यांसमोर असून दिसत नाहीं तें दाखविणें, हें ललित कृतीचें एक मुख्य प्रयोजन होय. पोलिसाच्या मनावरील ताण रंगविणाऱ्या दोन कृति या कसोटीवर घासून पाहण्याचा येथें विचार आहे.

पहिली कृति 'अर्धसत्य'. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून विजय तेंडुलकर यांनीं पटकथा रचली आणि गोविंद निहलानी यांनीं १९८३ सालीं तिचा हिंदी चित्रपट केला. अनंत वेलणकर हा मुंबईचा फौजदार. त्याला शिकावयाचें होतें. परंतु पोलिसांत शिपाई म्हणून राबलेल्या बापानें त्याला या नोकरींत ढकललें. तोच बाप घरीं आईला मारीत असे, आणि मुलगा पाहत उभा राही. पुढें गुंडांचा नायक रामा शेट्टी याच्यापुढें कायदा दुबळा ठरतो, स्वतःच्या पराक्रमाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरीं पडतें, मद्य जवळ येतें. आणि एके रात्रीं क्षुल्लक चोरीच्या आरोपावरून पकडलेला इसम त्याच्या मारानें कोठडींत मरतो. अखेर वेलणकर शेट्टीचा गळा आवळतो व स्वतः होऊन ठाण्यांत हजर होतो.

ओम पुरी यांनीं ही भूमिका ज्या संयमानें केली आहे, तिला तोड नाहीं. वरिष्ठ, राजकारणी आणि गुंड यांच्या त्रिकुटांत सांपडलेला सरळ मनुष्य कसा वाकडा होत जातो, याचें इतकें निर्भीड चित्र आपल्याकडे क्वचितच उमटलें असेल. तरीहि एक आक्षेप नोंदविणें प्राप्त आहे. वेलणकराचा ताण हा मुख्यतः दुखावलेल्या पुरुषत्वाचा ताण म्हणून रंगविला आहे. बापाचा हात आणि मुलाची मूठ यांच्यामध्यें सारें नाट्य कोंडलें गेलें आहे. त्यामुळें दोन गोष्टी घडतात. कोठडींत मेलेल्या इसमाहून मारणाऱ्याच्या भवितव्याचीच प्रेक्षकाला अधिक चिंता वाटूं लागते. आणि वर्दीचा ताण म्हणजे स्फोट, असा समज दृढ होतो.

वास्तव याहून नीरस आहे, आणि म्हणूनच अधिक भयंकर आहे. १८६१ च्या पोलीस कायद्यानें पोलीस हा सदैव कामावर आहे असें मानलें. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या २८ व्या कलमानेंहि तेंच तत्त्व पुढें चालविलें. 'सदैव' या एका शब्दाचा अर्थ काय होतो, हें २०१९ सालीं 'कॉमन कॉज' व 'लोकनीति' या संस्थांनीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत दिसतें. एकवीस राज्यांतील सुमारें बारा हजार पोलिसांना त्यासाठीं प्रश्न विचारले होते. त्यांच्या कामाची सरासरी दिवसाला चौदा तासांची निघाली. निम्म्यांना आठवड्याची सुटीच नव्हती. आणि दर पांच स्त्रियांपैकीं एकीनें सांगितलें कीं, आपल्या ठाण्यांत स्त्रियांसाठीं निराळें शौचालय नाहीं. येथें कोणाचा गळा आवळला जात नाहीं, पार्श्वसंगीत वाजत नाहीं. केवळ झोंप कमी होत जाते, बोलणें तुटक होतें आणि मुलें बापाला निजलेलाच ओळखूं लागतात.

दुसरी कृति 'सोनी'. आयव्हन आयर यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ सालचा. येथें दिल्लींतील दोन स्त्रिया आहेत: फौजदार सोनी आणि तिची वरिष्ठ अधिकारी कल्पना. सोनीलाहि राग येतो, तिचाहि हात उठतो. परंतु वेलणकराचा राग शोकांतिकेच्या पदवीला चढतो, तर सोनीच्या रागाची परिणति चौकशींत आणि नियंत्रण कक्षांतील बदलींत होते. स्त्रियांच्या प्रसाधनगृहांत व्यसन करीत बसलेल्या, वशिल्याच्या तरुणांशीं तिची झटापट होते, तो प्रसंग तर वरील अहवालाचेंच एक पान वाटावें. कल्पनेची पायरी वरची. पण तिलाहि घरीं मूल केव्हां होणार हा प्रश्न चुकत नाहीं. पुरुषाची ड्यूटी संपली म्हणजे निदान घरचें ताट वाढलेलें असतें. स्त्रीची संपली म्हणजे चूल पेटवावयाची असते. ही दुसरी पाळी 'सोनी'नें मोठ्या आवाजाविना दाखविली, हें तिचें श्रेय. दोघींमधला जिव्हाळा ताण हलका करतो. तो निर्माण करणारी यंत्रणा मात्र तशीच राहते, आणि दिग्दर्शकानें तें लपविलें नाहीं.

कोणी म्हणेल, कला म्हणजे हजेरीपट नव्हे. तासांचा हिशेब तिनें कां ठेवावा? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. दुःखाचें मूळ कोठें दाखविलें यावर उपाय कोठें शोधला जाईल हें ठरतें. मूळ स्वभावांत असेल, तर ध्यानधारणा व उपदेश यांवर भागेल. मूळ कामाच्या तासांत असेल, तर माणसें वाढवावीं लागतील. मुंबईंत देवनार ठाण्यांत २०१६ सालीं एका शिपायानेंच मांडलेल्या योजनेवरून आठ तासांची पाळी प्रथम अजमावून पाहिली गेली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दुखणें कोठें आहे हें दुखणाऱ्यानेंच सांगितलें. सप्टेंबर २०२१ मध्यें राज्याच्या पोलीस महासंचालकांनीं स्त्रियांची ड्यूटी बारांऐवजीं आठ तास करण्याचा प्रयोग सुरू केला. मात्र सणासुदीला ते तास वाढविण्याची मुभा त्यांत होती; म्हणजे पोहरादेवीच्या यात्रेसारख्या दिवशीं सवलतीचा भरंवसा नाहीं.

थकवा हें निर्दयतेचें समर्थन होऊं शकत नाहीं. कोठडींतील मृत्यूला जागरणाची सबब चालणार नाहीं. परंतु चौदा तास उभ्या ठेवलेल्या मनुष्याकडून पंधराव्या तासाला न्यायबुद्धीची अपेक्षा करणाऱ्या समाजानें आपलाहि वाटा ओळखावा. 'अर्धसत्या'नें पोलिसाचा क्रोध दाखविला, 'सोनी'नें त्याच्या जोडीला घर दाखविलें. उन्हांत उभ्या असलेल्या त्या साध्या शिपायाचा आणि शिपाईबाईचा न संपणारा दिवस हें तिसरें चित्र. तें रंगविण्यास प्रतिभेपेक्षांहि धीर अधिक लागेल. कारण त्यांत घडत कांहींच नाहीं, केवळ माणूस झिजतो.