‘टक्कल व्हायरस’: नावातली चूक

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांमध्ये लोकांचे केस झुपक्यांनी गळू लागले. काही दिवसांतच टक्कल! बातम्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ म्हटले. आमचा आक्षेप या नावाला आहे. विषाणू कुणाला सापडलाच नव्हता. अनेकांना एकदम झाले, म्हणजे एकमेकांपासून झाले, हा निष्कर्ष नावातच लपला होता. पण एकाच विहिरीचे पाणी पिणारे, एकाच दुकानातले धान्य खाणारेही एकदम आजारी पडतात. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले व जस्त घटलेले आढळल्याचे त्यांनी सांगितले.

मग केस गळणे कधीच पसरत नाही का? तसेही नाही. डोक्यावरचा नायटा बुरशीमुळे होतो आणि कंगवा, टोपी यांतून मुलांमध्ये पसरतो. चाईचा गुळगुळीत चट्टा मात्र किडीमुळे पडत नाही. त्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. ती कुणाला लागत नाही.

चुकीच्या नावाची किंमत माणसे मोजतात. त्या गावांतल्या लोकांना टाळले गेल्याच्या, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. वर्गात एखाद्या मुलाच्या डोक्यावर चट्टा दिसला, तर त्याला डॉक्टरांकडे जरूर पाठवावे. चाई असो वा उपचार सुरू असलेला नायटा, त्याला वर्गाबाहेर मात्र बसवू नये.