लॉर्ड डॉर्विनची तपकीर

आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन'मध्ये लॉर्ड डॉर्विन मोजक्या पानांपुरता येतो. गॅलेक्टिक साम्राज्याचा हा चॅन्सेलर नटूनथटून वावरतो, बोलताना 'र' गाळतो आणि जवळ तपकिरीची डबी बाळगतो. आकाशगंगेच्या पार टोकाला असलेला टर्मिनस ग्रह गिळायला शेजारचं अनाक्रिऑन टपलेलं आहे. साम्राज्य आपल्याला वाचवणार का, हे महापौर साल्व्हर हार्डिनला जाणून घ्यायचं आहे. डॉर्विन मात्र बोलतो पुरातत्त्वावर. ती त्याची आवडती विद्या.

मानवजात मूळ कोणत्या ग्रहावरची, हा त्याचा प्रश्न. उत्तर आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं, आणि त्यामुळे या प्रसंगाची गोडी वाढते. लॅमेथ नावाच्या अभ्यासकाचा आठशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ त्याला मोठा आधार वाटतो. हार्डिन साधंच विचारतो: मग स्वतः जाऊन अवशेष का पाहत नाही? डॉर्विनच्या भुवया उंचावतात, चिमूट घाईने नाकाशी जाते. कशाला जायचं? थोरांनी सगळं लिहून ठेवलंय; त्यांची मतं एकमेकांशी ताडून पाहायची, अधिक पटेल ते स्वीकारायचं. याला तो शास्त्रीय पद्धत म्हणतो, तेही अगदी मनापासून. हार्डिन सभ्यपणे मान डोलावतो.

मला असिमोव्हची खरी ताकद इथे दिसते. साम्राज्य ढासळतंय हे तो युद्धं आणि बंडं दाखवून सांगत नाही, एका विद्वानाच्या अभ्यासाच्या सवयीतून सांगतो. पुढे अणुऊर्जा केंद्राच्या स्फोटाचा विषय निघतो. लाखोंनी माणसं मेलेली असतात, कारण आधीची दुरुस्तीच निकृष्ट होती. यंत्रणा समजणारी माणसं मिळत नाहीत. त्यावर साम्राज्याच्या मनात काय आहे, तर अणुऊर्जेच्या वापरावरच निर्बंध. ग्रंथालयाबाहेर पाऊल न टाकणारा संशोधक आणि तंत्रज्ञ घडवण्याऐवजी दिवे कमी करणारं सरकार, दोघांचा रोग एकच.

डॉर्विन मूर्ख मात्र नाही. त्याचं पाच दिवसांचं बोलणं हार्डिन तर्कशास्त्राच्या पद्धतीने तपासून घेतो. एक विधान दुसऱ्याला छेदत जातं आणि शेवटी हाती शून्य उरतं. इतक्या सफाईने काहीच न बोलणं हे पट्टीच्या मुत्सद्द्याचं काम. ग्रंथांतली मतं एकमेकांसमोर ठेवण्यात त्याचा हात बसलेला. वाटाघाटीतही तो तेच करतो, फक्त इथे निष्कर्ष काढत नाही. दोन प्रसंग असे एकमेकांत गुंफलेले पाहिले की लेखकाला दाद द्यावीच लागते.

डॉर्विनसारखेच टर्मिनसवर विश्वकोश तयार करणारे विद्वानही जुनं ज्ञान गोळा करण्यापलीकडे गेलेले नाहीत, आणि हार्डिन त्यांना ते तोंडावर सुनावतो.

ही कथा 'अस्टाउंडिंग' मासिकात मे 1942 मध्ये आली, तेव्हा असिमोव्ह 22 वर्षांचा होता. 1951 च्या पुस्तकात ती दुसरा भाग म्हणून आहे. पुस्तक घरात असेल तर तो भाग पुन्हा काढा आणि कथानकामागे न धावता डॉर्विनचं बोलणं सावकाश वाचा.