पूर्वरंगाविना उत्तररंग : मराठी चित्रपट वाहिन्या आणि प्रेक्षकांची तक्रार

मराठी चित्रपटांना वाहिलेली चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी ऑगस्ट २००७ मध्ये 'झी टॉकीज' या नावाने सुरू झाली. तत्पूर्वी मुंबई दूरदर्शनच्या काळात आठवड्यातून एकदा लागणारा मराठी चित्रपट ही घरोघरची घटना असे. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आणि पुढच्याच वर्षी 'ई टीव्ही मराठी' आल्यावर दूरचित्रवाणीवरील मराठी चित्रपटांची संख्या वाढली खरी. परंतु त्यांना जागा मिळे ती मालिकांमधल्या फटीत. म्हणून केवळ चित्रपटांसाठी वाहिनी निघणे हे मराठी रसिकाच्या दृष्टीने एक आश्वासनच होते. 'टॉकीज' हा शब्दही साधा नव्हे. जत्रेतल्या तंबूपासून तालुक्याच्या गावातील पत्र्याच्या थिएटरापर्यंतची सारी स्मृती त्यात साठलेली आहे. पुढे 'शेमारू मराठीबाणा' (२०२०), 'प्रवाह पिक्चर' (२०२२) अशा वाहिन्यांची भर पडली. वाहिन्या वाढल्या, चित्रपट मात्र वाढले नाहीत, अशी तक्रार आज घरोघरी ऐकू येते. 'पुन्हा तेच?' हे तिचे सर्वांत संक्षिप्त रूप होय. प्रस्तुत लेखात या तक्रारीचा विचार करावयाचा आहे. कारण ती वाटते तितकी किरकोळ नाही आणि ज्या शब्दांत ती मांडली जाते त्या शब्दांत ती पुरती खरीही नाही.

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावातून पाहिले असता या प्रश्नाला एक निराळी धार येते. चित्रपट पाहण्यासाठी येथील विद्यार्थ्याला गाव सोडावे लागते आणि शहरातल्या बहुपडदा चित्रगृहाचे तिकीट त्याच्या घरच्या हिशेबात सहजी बसत नाही. बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळी जागा द्यावी यासाठी २०१५ मध्ये राज्य शासनाने पाऊल उचलले, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या गावात चित्रगृहच नाही तेथे त्या निर्णयाचा उपयोग तो काय? मोबाइल आता हातोहाती आहे. पण त्यावर जो शोधतो त्यालाच सापडते आणि ज्याचे नावही ऐकलेले नाही ते कोण शोधणार? न शोधता समोर येणारा मराठी चित्रपट आजही मुख्यतः घरातल्या दूरचित्रवाणी संचावरच येतो. तात्पर्य, आमच्या विद्यार्थ्यांचे चित्रपटविषयक शिक्षण, कोणी तशी योजना केलेली नसताना, चित्रपट वाहिन्यांच्या हाती गेले आहे.

साहित्यकृतींच्या चित्रपट रूपांतराविषयी शिकविताना हे वारंवार ध्यानात येते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधील संवाद वर्गातील निम्म्या मुलामुलींना मुखोद्गत असतात. 'धुमधडाका' (१९८५) आणि 'झपाटलेला' (१९९३) यांचीही तीच गोष्ट. 'सामना' (१९७५) अथवा 'सिंहासन' (१९७९) ही नावे मात्र फळ्यावर लिहावी लागतात. 'सांगत्ये ऐका' (१९५९) म्हणताच वर्ग पाहतच राहतो. प्रस्तुत लेखकाची पहिली प्रतिक्रिया, प्राध्यापकाची असते तशीच, कपाळाला आठ्या घालण्याची होती. तेच ते विनोदी चित्रपट पाहून अभिरुची बोथट झाली, असे काहीसे विधान वर्गात केलेही. त्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमची आजी रोज सकाळी कीर्तन बघते. गोष्ट तिला आधीच माहीत असते. तिला कुठे कंटाळा येतो?"

हा प्रश्न निरुत्तर करणारा होता. आपल्या परंपरेत पुनरावृत्ती हा दोष कधीच मानला गेलेला नाही. दशावतारात कोणता राक्षस मरणार हे प्रेक्षक घरून निघतानाच जाणून असतो; वगाची गोष्ट चार गावांना आधीच ठाऊक असते. नारदीय कीर्तनातील आख्यानाचा शेवट श्रोत्याला अपरिचित असावा अशी तर अपेक्षाच नसते. परंतु त्या कीर्तनाचे दोन भाग असतात. उत्तररंगातले आख्यान तेच राहिले तरी पूर्वरंगातील निरूपण कीर्तनकाराला प्रत्येक वेळी नव्याने उभे करावे लागते. आज हेच आख्यान का, कोणत्या निमित्ताने, ते या पूर्वरंगातून श्रोत्याला समजते. चित्रपट वाहिन्यांनी उत्तररंग तेवढा ठेवला आणि पूर्वरंग काढून टाकला. प्रेक्षक 'पुन्हा तेच?' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा हे म्हणावयाचे असते की, 'पुन्हा तसेच?'

'अशी ही बनवाबनवी'चेच उदाहरण घेऊ. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे लेखन वसंत सबनीस यांचे. ज्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने दादा कोंडके यांना रंगभूमीवर प्रस्थापित केले, आणि ज्यांच्या लेखणीतून कोंडके यांचा 'सोंगाड्या' (१९७१) उतरला, तेच हे सबनीस. वगातला हजरजबाबीपणा आणि सोंग घेण्यातली गंमत पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत कशी येऊन पोहोचली, याचा एक सलग धागा या तीन कृतींतून काढता येतो. दुसरा धागा बाहेरून येतो. चित्रपटाची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) मधली, आणि त्या हिंदी चित्रपटाचे मूळ १९५५ च्या 'जॉय मा काली बोर्डिंग' या बंगाली चित्रपटात. बंगालीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत येताना विनोदाचा पोत कसा बदलला, हा एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावा. वर्षानुवर्षे हा चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला यातले काय कळते? वाहिन्यांवर श्रेयनामावली बहुधा घाईने उरकली जाते, मध्येच जाहिरात येते आणि चित्रपट संपतो न संपतो तोच पुढच्याची झलक सुरू होते. लेखकाचे नाव वाचण्याइतकीही उसंत प्रेक्षकाला मिळत नाही. वीस वेळा पाहिलेल्या चित्रपटाचा लेखक कोण, हे माहीत नसणे ही प्रेक्षकाची बेफिकिरी नव्हे.

सकाळच्या कीर्तनाविषयीही येथेच बोलले पाहिजे. 'झी टॉकीज'वर कीर्तनाचा कार्यक्रम होतो, तेव्हा चित्रपटाच्या वाहिनीवर कीर्तन कशाला, असा आक्षेप काही चित्रपटप्रेमी घेतात. प्रकारनिष्ठ वाहिनीने आपला प्रकार सोडला की चाहते असेच दुखावतात. विज्ञानकथांना वाहिलेल्या 'साय फाय' या अमेरिकन वाहिनीने २००६ मध्ये कुस्तीचे सामने दाखविण्यास आरंभ केला आणि २००९ मध्ये नावाचे स्पेलिंगही बदलले, तेव्हा तेथील चाहत्यांची नाराजी याच जातीची होती. तथापि कीर्तनाची तुलना त्या कुस्तीशी करणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. ज्या चित्रसृष्टीने 'संत तुकाराम' (१९३६) दिला तिला कीर्तन परके कसे? उलट कीर्तन संपताच 'प्रभात'चा तो चित्रपट लावावा, ही किती सहज सुचावी अशी जोडणी! आजी उठून गेली नसती आणि नातही कदाचित थांबली असती.

वाहिन्यांची बाजू नाही असे नव्हे. जुन्या चित्रपटांचे हक्क अनेकदा वारसांमध्ये विभागलेले असतात, प्रती जीर्ण झालेल्या असतात. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडील नायट्रेट फिती नष्ट झाल्या, त्यांत 'प्रभात'चा ठेवाही होता. कृष्णधवल चित्रपट लागला की प्रेक्षक वाहिनी बदलतो, असेही सांगितले जाते. यातील शेवटचा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे. प्रेक्षकसंख्या मोजण्याचे काम २०१५ पासून 'बार्क' करते आणि त्याच वर्षी ग्रामीण घरे प्रथमच त्या मोजणीत आली. ही स्वागतार्ह गोष्ट. मात्र यंत्र संच चालू असल्याचे आणि समोर कोण बसले आहे ते नोंदविते. तो का चालू आहे, हे नोंदविण्याची सोय त्यात नाही. स्वयंपाक करता करता, भात निवडता निवडता ओळखीचा विनोदी चित्रपट नुसता ऐकला जातो. डोळे पडद्याकडे नसले तरी चालते, कारण पुढचे वाक्य पाठ असते. ही सोबत खरी आहे, तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. परंतु सोबतीलाच मागणी समजून तोच चित्रपट पुन्हा लावला जातो. जो लावलाच जात नाही त्याची मोजणीही होत नाही. आणि ज्याची मोजणी नाही त्याला प्रेक्षक नाही असे ठरते. हिंदीत 'सेट मॅक्स'वरील 'सूर्यवंशम' (१९९९) या चक्राचे प्रतीक बनला आणि त्याची चेष्टा करता करता लोकांना तो प्रियही झाला.

यातून मार्ग काढणे अशक्य नाही. अमेरिकेतील 'टर्नर क्लासिक मूव्हीज' ही वाहिनी १९९४ पासून जुनेच चित्रपट दाखवीत आली आहे आणि तीही पुन्हा पुन्हा. परंतु रॉबर्ट ऑस्बोर्न हे निवेदक चित्रपटाआधी समोर येऊन त्याविषयी काही सांगत आणि चित्रपट जाहिरातींनी तोडला जात नसे. २०२३ मध्ये त्या वाहिनीत कर्मचारीकपात झाली तेव्हा स्पीलबर्ग आणि स्कोर्सेसी यांच्यासारखे दिग्दर्शक तिच्यासाठी धावून गेले. जाहिरातींवाचून वाहिनी चालविणे आपल्याकडे कठीण, हे मान्य. पण चित्रपटाआधी तीन मिनिटांचे निरूपण, आणि शेवटी श्रेयनामावली पूर्ण, एवढ्यासाठी फार मोठा खर्च येऊ नये. २०१९ च्या नव्या दरपद्धतीनंतर प्रेक्षक सशुल्क वाहिनीची किंमत पाहून ती निवडतो; तेव्हा ही मागणी करण्याचा हक्क त्याला ग्राहक म्हणूनही पोहोचतो.

तोपर्यंत पूर्वरंग वर्गातच करावा लागणार. या वर्षी विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला तो असा : 'बनवाबनवी' पुन्हा लागेल तेव्हा वही घेऊन बसावे, कोणते प्रसंग आणि गाणी कापली ते लिहावे आणि लेखकाचे नाव दिसते का ते पाहावे. तो लागण्याची वाट फार पाहावी लागली नाही. बहुतेकांच्या वह्यांत नाव नव्हते. ती विद्यार्थिनी मात्र तास संपल्यावर थांबली आणि 'विच्छा माझी पुरी करा' आपल्या ग्रंथालयात आहे का, असे तिने विचारले.