राणीच्या बागेतील मुंबई

एखाद्या शहराने आपला इतिहास एका इमारतीत मांडावयाचे ठरविले, म्हणजे तेथे काय ठेवावे ह्यापेक्षाही तो कोणाच्या दृष्टीने मांडावा हा प्रश्न अधिक बिकट होऊन बसतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहताना ह्या प्रश्नाची आठवण पदोपदी होते. २००३ पासून पुढे चार-पाच वर्षे खपून ह्या वास्तूचा जो जीर्णोद्धार झाला, त्याची कीर्ती दूरवर गेली. युनेस्कोनेही २००५ साली त्याचा गौरव केला, आणि तो सर्वस्वी योग्यच होता. परंतु लोखंडी खांब, सोनेरी नक्षी आणि रंगविलेले छत ह्यांनी दिपून गेलेला प्रेक्षक आत मांडलेल्या शहराकडे चिकित्सकपणे पाहावयास विसरतो, अशी आमची तक्रार आहे.

संग्रहाची कुळकथा जाणल्याखेरीज त्याचा स्वभाव उमगत नाही. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनाकरिता मुंबई इलाख्यातील कच्चा माल व कारागिरीचे नमुने गोळा करण्यात आले, आणि तशाच नमुन्यांचा एक संच येथे ठेवून ह्या संग्रहाचा पाया घातला गेला. म्हणजे प्रारंभी हा इतिहासाचा संग्रह नव्हताच. विकावयाच्या मालाची ती वखार होती. किल्ल्यातील बराकीत त्याची मांडणी होते न होते तोच १८५७ ची धामधूम उडाली, लष्करास जागा हवी झाली आणि संग्रह उठवावा लागला. पुढे जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट व भाऊ दाजी ह्यांच्या खटपटीने निधी जमला; १८६२ साली कोनशिला बसली आणि १८७२ साली व्हिक्टोरिया राणी व तिचे यजमान ह्यांच्या नावाने संग्रहालय लोकांस खुले झाले. भाऊ दाजींचे नाव दारावर चढावयास मात्र १९७५ साल उजाडावे लागले.

वरच्या मजल्यावरील मातीच्या लहान लहान मूर्ती हे ह्या संग्रहाचे खरे आकर्षण होय. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स ह्यांच्याकडे संग्रहालयाचीही व्यवस्था होती, आणि त्या काळात अशा कामास मोठी चालना मिळाली. नाना जातींचे, नाना धंद्यांचे स्त्रीपुरुष येथे वीतभर उंचीने उभे आहेत. त्यांचे हस्तकौशल्य पाहून कोणीही मान डोलवावी. लुगड्याची चुणी, पगडीचा पीळ, हत्यार धरण्याची ढब ह्यांत कोठे कसूर म्हणून नाही. पण मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबातील एखाद्या चौकस पोराने ‘ह्याचे नाव काय?’ असे विचारले, तर वडिलांनी काय सांगावे? चिठ्ठीवर जात सापडेल, धंदा सापडेल. माणूस सापडत नाही. राज्यकर्त्यास प्रजा ओळखावयाची होती ती मालाप्रमाणेच, वर्गवारी लावून. आणि वखारीची ती मूळची सवय येथे माणसांनाही लागली आहे.

आता ज्यांचे नाव दारावर आहे, त्यांनाच ह्या कपाटात उभे करून पाहावे. एखादी पगडी, तिच्याखाली जातीचे नाव, एवढेच भाऊ दाजींचे उरले असते! परंतु गोव्यातील मांद्र्याचा हा मुलगा मुंबईस येतो, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत असतो, कुष्ठरोगावर औषध शोधतो, अजिंठ्याचे शिलालेख वाचतो आणि दोन वेळा शहराचा शेरीफ होतो. असा माणूस कोणत्या चिठ्ठीत मावेल? आणि जो एका भाऊ दाजींस मावला नाही, तो साचा त्या कपाटातील कोष्ट्यास किंवा कोळणीस बरोबर बसला असेल, असे तरी आपण कशावरून धरून चालावे? ह्या मूर्ती काढून टाकाव्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या कोणाच्या सांगण्यावरून व कशाकरिता घडल्या, हे त्यांच्याजवळच, ठळकपणे आणि साध्या मराठीत प्रेक्षकास वाचावयास मिळाले पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.

आतल्या कपाटांपेक्षा बाहेरचे अंगण ह्या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. ज्या पाषाणी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीस एलिफंटा हे नाव दिले, तो १८६४ साली विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला; उचलताना तो कोसळून भंगला, तुकडे ह्या बागेत आले आणि १९१४ साली ते सांधण्यात आले. सातव्या एडवर्डचा घोड्यावरील पुतळा १९६५ साली मूळ जागेवरून हलविल्यावर त्यासही ह्याच बागेत आसरा मिळाला. चौकाचे नाव मात्र लोकांनी काळा घोडा हेच ठेवले, आणि २०१७ साली तेथे नवा घोडा उभा राहिला, तो स्वाराविना! कोणी काय आणले, कोणी काय हटविले आणि लोकांनी काय ठेवून घेतले, ह्याचा एवढा उघड हिशेब वरच्या मजल्यावर कोठेही लागत नाही. म्हणून जाणाऱ्याने आत शिरण्याची घाई न करता आधी हत्तीभोवती एक फेरी घालावी. निरखून पाहिल्यास त्याचे जोडकाम लपत नाही.