'सत्तांतर' कुणाला द्यावी, आणि काय सांगून

पेटचा निकाल लागला की संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींत पुस्तकांची देवाणघेवाण एकदम वाढते. नेटची गाइडं, संख्याशास्त्राच्या झेरॉक्स, आणि त्यातच कुणीतरी सरकवलेली एखादी कादंबरी. जीवशास्त्रवाल्यांत ही कादंबरी बरेचदा व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' असते. देतानाचं वाक्यही ठरलेलं: "वाच, वानरांवरचा रिसर्च पेपरच आहे, फक्त गोष्टीत सांगितलाय." एटापल्लीकडच्या मुलांना देताना त्याला पुरवणी जोडली जाते, "तुमच्याच जंगलाची आहे."

मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत. पुस्तक मात्र मी पुढे देतेच. का देते आणि काय सांगून देते, ते लिहिते. संशोधनाला लागण्याआधी तुम्ही हा फरक करून पाहावा असं मला वाटतं.

'सत्तांतर' १९८२ साली आली, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आकाराने लहान आहे, एका बैठकीत होते. वानरांची एक टोळी, तिचा नर, बाहेरून येणारे नर, झुंज, आणि टोळी दुसऱ्याच्या हाती गेल्यावर पिल्लांचं काय होतं, एवढाच ऐवज. पंचतंत्रासारखी ही वानरं शहाणपण शिकवत नाहीत. कोण कुठल्या फांदीवर बसलं, कोण कुणाच्या अंगातल्या उवा काढतंय, कोण आवाजाने दचकलं, यातूनच सगळं कळतं. माडगूळकर चित्रकार होते आणि एकेकाळी शिकारही करायचे. दोन्हीकडची नजर इथे आहे. वाक्य छोटं, क्रियापदावर उभं. निरीक्षणाची वही कशी लिहावी हे शिकायचं असेल तर या भाषेकडे बघा. विशेषणं किती कमी आहेत ते मोजा.

मग तिला पेपर का म्हणू नये? त्यासाठी थोडा मागचा इतिहास.

१९५८ ते १९६० च्या सुमारास फिलिस जे या अमेरिकन अभ्यासिकेने वानरांचा अभ्यास केला. तिची एक जागा उत्तर प्रदेशात होती आणि दुसरी ओरछा, बस्तरमध्ये, म्हणजे एटापल्लीहून पूर्वेला सीमा ओलांडली की जो अबुझमाडचा मुलूख लागतो त्यातलं गाव. तिला तिथे बऱ्यापैकी शांत टोळ्या दिसल्या. एका टोळीत अनेक नर, भांडणं किरकोळ, पिल्लांना मारणं नाहीच. त्यानंतर लगेच, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने धारवाडजवळ वानरं पाहिली. तिथे एका नराच्या टोळ्या, बाहेरच्या नरांचे हल्ले, आणि ताबा मिळाल्यावर अंगावरच्या पिल्लांची हत्या. जात तीच, म्हणजे तेव्हा तरी सगळ्यांना एकाच जातीत धरत असत.

आता यातलं खरं कुठलं? वाद इथेच पेटला. सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर काम करून १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, म्हणून नव्या नराचा यात स्वतःच्या वंशाचा फायदा आहे. फिलिस जे, ज्या पुढे डॉल्हिनो या नावाने लिहीत होत्या, त्यांना हे मान्य नव्हतं. माणसांची गर्दी आणि बिघडलेली परिस्थिती यामुळे हे वागणं घडतं, अशी त्यांची बाजू. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांवरचा डीएनए अभ्यास १९९९ मध्ये आला. हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते असं त्यात दिसलं. हर्डींच्या बाजूला वजन आलं. पण ओरछाला जे दिसलं ते त्यामुळे खोटं ठरत नाही.

'सत्तांतर' आली तेव्हा हा वाद ऐन रंगात होता. कादंबरी त्यात पडत नाही, आणि तिने पडायचं कारणही नाही. तिने एक टोळी निवडली, जिच्यात सगळं घडतं. पेपरला मात्र सांगावं लागतं की किती टोळ्या, किती तास, आणि मुख्य म्हणजे काय घडलं नाही. ज्या दिवशी वानरं नुसती पाला खात बसली, तो दिवसही वहीत नोंदवावा लागतो. कादंबरीकाराला तो दिवस गाळायची मुभा आहे. तुम्हाला नाही. "पेपरच आहे" असं म्हणून पुस्तक दिलं की नेमका हा फरक पुसला जातो आणि घेणाऱ्याला वाटतं, वानरं म्हणजे अशीच.

दुसरा वाचक नेमका उलटं करतो. त्याला हे राजकारणाचं रूपक वाटतं. दोष शीर्षकाचा. सत्तांतर हा वर्तमानपत्रातला शब्द, आणि १९७७ व १९८० ची दोन सत्तांतरं तेव्हाच्या वाचकाच्या ताज्या आठवणीत. हे शीर्षक मला पुस्तकातली सर्वांत कमकुवत जागा वाटते. आतला मजकूर जो संयम पाळतो तो मुखपृष्ठ पाळत नाही. पण फक्त कादंबरीकाराला धरू नका हं. शास्त्रज्ञही याच घटनेला 'टेकओव्हर' म्हणतात, आणि एका नराच्या टोळीला कित्येक वर्षं 'हॅरम' म्हणत आले. शब्द आधी निवडला गेला की निरीक्षण त्याच्या मागे चालतं. आपल्या सारांशातला प्रत्येक पारिभाषिक शब्द एकदा या नजरेने तपासा.

आता "तुमच्याच जंगलाची" याबद्दल. मुळात जंगल कुणाचं? माडगूळकरांनी 'नागझिरा' हे वेगळं पुस्तक त्या अभयारण्यातल्या मुक्कामावर लिहिलंय. अभयारण्यात गेलेल्या माणसाची ती नजर 'सत्तांतर'लाही आहे. माणूस इथे जवळजवळ नाहीच. एटापल्लीचं जंगल असं रिकामं कधीच नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे बाया-पोरं झाडाखाली असतात, आणि तीच फुलं खायला वानरंही येतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण. इथल्या मुलाला ही कादंबरी दिली तर त्याचा पहिला प्रश्न असा असू शकतो, "यात मोह वेचणारं कुणी का नाही?" हा प्रश्न बालिश नाही. वानरांवरच्या कुठल्याही प्रबंधाला परीक्षकाने विचारावा असा आहे. डॉल्हिनो आणि हर्डींचं भांडण शेवटी माणसांच्या वावराशीच येऊन अडलं होतं, नाही का?

म्हणून मी 'सत्तांतर' एकटी देत नाही. सोबत 'बनगरवाडी' देते. १९५५ ची ही कादंबरी तशी माणदेशातल्या धनगरांची, आपल्या भागाशी संबंध नाही. पण क्षेत्रकार्याला निघालेल्याने वाचावं असं मराठीत याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. तरुण मास्तर परक्या वाडीत जातो, कारभाऱ्याच्या मर्जीशिवाय त्याचं पान हलत नाही, हळूहळू तो लोकांच्या भानगडीत ओढला जातो, तालीम बांधायला घेतो. आणि शेवटी दुष्काळ पडून वाडीच उठते. त्याने न घडवलेल्या कारणाने त्याचं क्षेत्र संपतं. 'सत्तांतर'मध्ये बघणारा लपलेला आहे. इथे तो पानोपानी समोर आहे, अडखळतोय. एकाच लेखकाची ही दोन टोकं शेजारी ठेवली की प्रबंधात 'मी' कुठे असावा यावर भांडायला साहित्य मिळतं.

तिसरं पुस्तक लोक हमखास सुचवतात ते विलास मनोहरांचं 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. लेखक हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहून काम केलेले, त्यामुळे माडिया गावाचा रोजचा तपशील आतून आलाय. जंगलखातं, पोलीस, ठेकेदार यांच्याशी पडणारी गाठ अंगावर येते. तरीही नायकाच्या मनातले काही विचार मला त्याच्यापेक्षा लेखकाचे वाटतात. मुक्काम कितीही लांबला तरी दुसऱ्याच्या मनात शिरून बोलणं अवघडच जातं. हे पुस्तक एटापल्लीतल्या मुलाला "तुमच्यावरचं आहे" म्हणून देऊ नका. घरी माडिया, शाळेत मराठी आणि पुढे पीएचडी इंग्रजीत, असा ज्याचा प्रवास आहे, त्याला त्याच्यावरचंच पुस्तक वाचायला लावून वर "कसं वाटलं?" विचारणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं. त्याला 'बनगरवाडी' द्या. परगावच्या मास्तरावर मनसोक्त हसता येतं त्यात.

पुस्तक परत घेताना मी एवढंच विचारते: लेखकाला काय दिसलं नसेल? 'सत्तांतर'वर आतापर्यंत मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर तीन शब्दांचं होतं. "रात्री काय होतं?"