नावं गाळलेली डायरी

मुत्सद्द्याची डायरी हातात आली की आपण काय शोधतो? खरं सांगायचं तर गॉसिप. बंद दाराआड कोण कुणावर ओरडलं, कोणी शब्द फिरवला, कुठल्या पंतप्रधानाला घाम फुटला. दाग हॅमरशोल्डचं 'मार्किंग्ज' मी याच हावेनं उघडलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. 1953 ते 1961 हा माणूस संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होता. चीनच्या कैदेतले अमेरिकी वैमानिक सोडवण्यासाठी 1955 मध्ये तो बीजिंगला जाऊन चाऊ एन-लायला भेटला. क्रुश्चेव्हनं भर सभेत राजीनामा मागितला, तर यानं तिथेच नकार दिला. आणि डायरीत काय? एकटेपणा, मृत्यू, देव, डोंगर. चाऊ नाही, क्रुश्चेव्ह नाही, न्यूयॉर्कचं ऑफिससुद्धा नाही.

दुसऱ्यांदा वाचताना मी एक साधी गोष्ट केली. काही नोंदींवर तारखा आहेत. फोनवर शेजारच्या टॅबमध्ये इतिहास उघडून त्या तारखा लावून पाहिल्या. पुस्तक तिथून बोलायला लागलं.

1956 च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा घ्या. सुएझवर इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्सचा हल्ला झालेला. 4 तारखेला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये. त्याच दिवशी आमसभेनं हॅमरशोल्डला सांगितलं, 48 तासांत आंतरराष्ट्रीय सैन्याचा आराखडा दे. असं सैन्य जगात याआधी कधी उभं राहिलं नव्हतं. त्यानं आराखडा दिला, आणि आज आपण ज्यांना निळ्या टोप्यांचे शांतिसैनिक म्हणतो त्यांची सुरुवात तिथे झाली. त्या आठवड्याची डायरीतली नोंद म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या काही ओळी. निजण्याबद्दल, निर्धास्त असण्याबद्दल. बस्स. नुसती वाचली तर ती भाविक माणसाची वही वाटते. तारीख कळली की पोटात गोळा येतो, कारण त्या आठवड्यात हा माणूस झोपला तरी असेल का, असा प्रश्न पडतो.

हे गप्प राहणं कुठून आलं? वडील याल्मार हॅमरशोल्ड पहिल्या महायुद्धात स्वीडनचे पंतप्रधान होते. अन्नटंचाईमुळे लोक इतके चिडले की त्यांनी आडनाव बदलून 'हुंगरशोल्ड' केलं. स्वीडिशमध्येही भुकेला 'हुंगर'च म्हणतात. दाग तेव्हा शाळकरी पोर. पुढे 1954 मध्ये स्वीडिश अकादमीत वडिलांची रिकामी झालेली खुर्ची त्यालाच मिळाली, आणि तिथल्या प्रथेप्रमाणे आधीच्या सदस्यावर, म्हणजे स्वतःच्या बापावर, त्याला भाषण करावं लागलं. शिक्षण अर्थशास्त्राचं, मग अर्थखातं, राष्ट्रीय बँक, परराष्ट्र खातं. ऑफिसची फाइल घरी आणायची नाही, हे या घराण्यात रक्तातच असावं. त्यामुळे डायरीतल्या गाळलेल्या नावांना जे लोक थेट संतपण म्हणतात ते मला पटत नाही. ती आधी नोकरशहाची सवय आहे.

पुस्तक निघालं ते तो गेल्यावर. 18 सप्टेंबर 1961 च्या रात्री उत्तर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ त्याचं विमान कोसळलं. तो अपघात होता की घातपात, याची चौकशी संयुक्त राष्ट्रांनी या शतकात पुन्हा उघडली. न्यूयॉर्कच्या घरात हस्तलिखित सापडलं, सोबत मित्राला लिहिलेली चिठ्ठी: वाटलं तर छाप. 1963 मध्ये मूळ स्वीडिश पुस्तक आलं, पुढच्या वर्षी इंग्रजी. इंग्रजी करणाऱ्या दोघांपैकी एक डब्ल्यू. एच. ऑडन. त्याला स्वीडिश येत नव्हतं. लेफ शोबर्ग कच्चा मजकूर द्यायचा आणि ऑडन तो घडवायचा. म्हणून इंग्रजीत कधीकधी ऑडनचाच आवाज येतो. मूळ नावाचा अर्थ आहे वाटेवरच्या खुणा. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: धुक्यात वाट चुकू नये म्हणून रचलेले दगड. हॅमरशोल्ड स्वतः पक्का डोंगरवेडा होता.

स्वीडनमधल्या काही समीक्षकांनी तेव्हाच नाक मुरडलं, की हा माणूस स्वतःला ख्रिस्त समजत होता. आरोप अगदीच हवेतला नाही. बलिदानाची भाषा पुन्हापुन्हा येते, आणि काही पानांवर ती मला जड होते. स्वतःच्या दुःखाकडे इतक्या कौतुकानं बघणाऱ्या माणसाचा थोडा वैतागही येतो.

पण माझी खरी अडचण काँगोची आहे. जुलै 1960 मध्ये नवस्वतंत्र काँगोच्या पंतप्रधानानं, पॅट्रिस लुमुम्बानं, संयुक्त राष्ट्रांची मदत मागितली. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षानं त्याला बडतर्फ केलं, आणि नेमक्या त्या वेळी तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केलं. फटका लुमुम्बाला बसला. तो पुढे पकडला गेला, 17 जानेवारी 1961 ला कटांगात त्याचा खून झाला. त्या महिन्यांत हॅमरशोल्डचे तिथले प्रतिनिधी भारताचे राजेश्वर दयाळ होते, म्हणजे ही कथा आपल्यापासूनही फार लांबची नाही. डायरीत लुमुम्बाचं नाव नाही. 1961 च्या पेंटेकॉस्टच्या दिवशी त्यानं एक प्रसिद्ध नोंद केली: कधीतरी, कुणाला तरी आपण होकार दिला आणि तेव्हापासून जगण्याला अर्थ आला. लुमुम्बाला मरून चार महिने झाले होते. ही नोंद सुंदर आहे हे मी नाकारत नाही. मला फक्त ती तारीख विसरता येत नाही.

याच्या शेजारी कॉनर क्रूझ ओब्रायनचं 'टू कटांगा अँड बॅक' ठेवून पाहा. हा आयरिश मुत्सद्दी, 1961 मध्ये कटांगात संयुक्त राष्ट्रांचा माणूस. पद सुटल्यावर 1962 मध्ये त्यानं पुस्तकच काढलं: नावं, निरोप, भांडणं, सगळं. ते मी दोन बैठकीत संपवलं. त्यात ओब्रायन स्वतःची बाजू मांडतो, आणि ती मांडतोय हे लपवत नाही. त्याच्याशी वाद घालता येतो. हॅमरशोल्डशी वाद घालायला गेलं तर समोर प्रार्थना येते, आणि प्रार्थनेशी भांडणार कसं?

तरी मी परत उघडतो ते 'मार्किंग्ज'च, आणि तेही मुख्यतः 1959 च्या हायकूंसाठी. सतरा-सतरा अक्षरांत उप्सालाचं बालपण, वाड्यातल्या मुलाचं एकटेपण, झाडं, बर्फ. इथे बलिदान नाही, देवही फारसा नाही. पन्नाशी उलटलेला एक दमलेला माणूस घराकडे बघतोय. या पानांवर तो काही लपवतोय असं मला वाटत नाही.

शेवटची नोंद 24 ऑगस्ट 1961 ची. कविता आहे, पुन्हा एका अनोळखी मुलखाची. पुढच्या पंचवीस दिवसांचं काही लिहिलेलं नाही.