दमाचे स्थान : छाती की लंबमज्जा?

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी हुतूतूचे प्रात्यक्षिक दाखविले. वऱ्हाडात हे साभिमान सांगितले जाते; परंतु ज्या दमावर तो खेळ उभा आहे, त्याची मीमांसा मात्र तेवढ्या काळजीने झालेली नाही. अमरावती-अकोल्याकडेच काय, सर्वत्रच व्यायामशाळांतून दमाची परीक्षा छातीच्या मापावर होत आली. छाती रुंद, तर दम मोठा.

हे मत अर्धेच खरे आहे. मोठ्या फुप्फुसांचा लाभ होतो, हे मान्य; पण दम सुटतो तो हवा संपल्यामुळे नव्हे. पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत सुमारे एक लिटर हवा उरतेच. रक्तात साठणारा कार्बन डाय-ऑक्साइड लंबमज्जेतील संवेदी पेशींना चेतवितो, आणि श्वसनाचा ताल निर्माण करणारा तेथील पेशीसमूह (१९९१ पासून 'प्री-बॉट्झिंगर' या नावाने ज्ञात) श्वास घेण्याचा आग्रह धरतो. चढाई करणाऱ्याचा अखंड उच्चार हा या आग्रहाविरुद्ध वरिष्ठ मेंदूने चालविलेला हट्ट होय. मात्र केवळ रक्तातील वायूंनीही सर्व उलगडा होत नाही. फाउलर यांनी १९५४ साली दाखविले की, दम सुटल्यावर रक्ताची स्थिती न सुधारणाऱ्या वायूचे काही श्वास दिले तरी माणूस पुन्हा दम धरू शकतो. केवळ श्वसनाच्या हालचालीनेच तगमग शमते. छातीचे माप घेणाऱ्या पंडितांनी या प्रयोगाची दखल घ्यावयास हवी होती.

सरावाने दम वाढतो तो कसा? पाणबुड्यांमध्ये कार्बन डाय-ऑक्साइडला मिळणारा श्वसनाचा प्रतिसाद मंदावलेला आढळतो. त्यावरून खेळाडूच्या लंबमज्जेतही तोच पालट होतो असे म्हणणे घाईचे ठरेल. तगमग सोसण्याची सवय हेही कारण असू शकते. शिवाय अनुकूलन एकाच दिशेने होते असे नाही. प्राण्यांना थांबून थांबून अल्प ऑक्सिजन दिल्यास श्वसनतंत्रिकांचा आवेग नंतर बराच वेळ वाढलेला राहतो.

हृदयाविषयी तर अधिकच ढिलाई दिसते. उच्छ्वासात प्राणेशा तंत्रिकेचा प्रभाव वाढून हृत्स्पंद मंदावतो, हे विश्रांत अवस्थेत खरे. त्यावरून हुतूतूचा उच्चार हृदय शांत करतो असे अनुमान काढणे चुकीचे आहे. चढाईत तोच प्रभाव ओसरतो आणि स्पंद वाढतो. हृदय 'थांबविणाऱ्या' योग्यांचे दाखलेही असेच अर्धवट दिले जातात. वेंगर, बागची व आनंद यांच्या १९६१ च्या निबंधात मनगटावरची नाडी लुप्त झाल्याची नोंद आहे खरी. परंतु कंठद्वार मिटून छाती-पोट आवळल्याने तसे घडले होते, आणि त्याच क्षणी विद्युत् हृल्लेखावर हृदयाचे ठोके उमटत होते.